सहा अमिनो आम्ले ओळखणारे प्रतिपिंड: प्रयोगशाळेत पी-५३ कसे शोधतात

संशोधनासाठी मागवलेल्या प्रतिपिंडाची छोटी कुपी प्रयोगशाळेत येते, तेव्हा तिच्याबरोबर एक माहितीपत्रक येते. त्यावर साधारण असा मजकूर असतो: ‘लक्ष्य: पी-५३. क्लोन: डीओ-१. यजमान: उंदीर. प्रकार: आयजीजी-२ए. एपिटोप: अमिनो आम्ल क्रमांक २० ते २५. माणसाचे प्रथिन ओळखते, उंदराचे ओळखत नाही. उपयोग: वेस्टर्न ब्लॉट, इम्युनोफ्लुरोसन्स, इम्युनोप्रेसिपिटेशन, चिप.’ नवखा विद्यार्थी यातली पहिली ओळ वाचतो, शेवटची ओळ वाचतो आणि कामाला लागतो. मधल्या ओळी त्याला कंपनीच्या कागदी सोपस्कारासारख्या वाटतात. प्रत्यक्षात सर्वांत मोलाची ओळ एपिटोपची, म्हणजे प्रतिपिंड प्रथिनाचा जो तुकडा धरते त्याची असते. हे प्रतिपिंड पी-५३ नावाच्या प्रथिनाला ओळखतच नाही. ३९३ अमिनो आम्लांच्या त्या लांबलचक साखळीतली फक्त सहा अमिनो आम्ले त्याला ओळखता येतात. पत्रकावरच्या बाकीच्या ओळींपैकी बऱ्याच या एका गोष्टीतून निघतात, आणि प्रयोग फसतात तेही बहुतेक वेळा हीच गोष्ट विसरल्यामुळे.

आधी लक्ष्याविषयी. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो, तरी यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी वेगळ्या दिसतात आणि वेगळे काम करतात, कारण त्या दोघींमध्ये वेगवेगळी जनुके वाचली जातात. कोणते जनुक कधी आणि किती वाचायचे हे ठरवण्यात ज्या प्रथिनांचा मोठा वाटा असतो, त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. ही प्रथिने डीएनएवरचा ठरावीक अक्षरक्रम हेरून तिथे बसतात आणि जवळच्या जनुकाची आरएनए प्रत काढण्याचे काम सुरू करतात, वाढवतात किंवा रोखतात. माणसात अशी सुमारे १,६०० प्रथिने आहेत. पी-५३ हे त्यांपैकी बहुधा सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले प्रथिन असावे. पेशीतल्या डीएनएला इजा झाली की ते साठू लागते, पी-२१ सारख्या जनुकांचे वाचन वाढवते आणि पेशीचे विभाजन थांबवून दुरुस्तीला अवसर देते. इजा फारच मोठी असेल तर पेशीला आत्मनाशाच्या वाटेवर ढकलते. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत या प्रथिनाचे जनुक बिघडलेले आढळते, यावरून त्याचे महत्त्व लक्षात यावे.

या प्रथिनाच्या नावातच मोजमापाची एक चूक दडलेली आहे. १९७९ मध्ये काही गटांना ते स्वतंत्रपणे सापडले, तेव्हा प्रथिने वजनाप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलवर ते ५३ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) वजनाच्या जागी दिसले आणि तोच आकडा नावाला चिकटला. पुढे अमिनो आम्लांचा क्रम कळल्यावर हिशेब केला, तर वजन ४४ किलोडाल्टनपेक्षा किंचित कमीच भरले. साखळीतल्या एका भागात प्रोलीन हे अमिनो आम्ल दाटीने आहे, त्यामुळे ते जेलमध्ये रेंगाळते आणि आहे त्यापेक्षा जड भासते. दुसरी चूक अधिक गंभीर होती. सुरुवातीची दहा वर्षे पी-५३ कर्करोग घडवणारे प्रथिन मानले गेले, कारण संशोधकांच्या हाती आलेल्या जनुकाच्या प्रतींमध्ये आधीच उत्परिवर्तन झालेले होते. ते मुळात कर्करोगाला अटकाव करणारे आहे, हे १९८९ मध्ये स्पष्ट झाले.

असे प्रथिन पेशीत शोधणे अवघड असते. पेशीचा सांगाडा बनवणाऱ्या प्रथिनांच्या तुलनेत ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरचे रेणू फारच थोडे असतात. निरोगी पेशीत पी-५३ जेमतेम वीसेक मिनिटांत निम्मे होते, कारण एमडीएम-२ नावाचे दुसरे प्रथिन त्याला सतत धरून त्याच्यावर नष्ट करण्याची खूण लावत असते. शिवाय ‘पी-५३ आहे का?’ हा प्रश्न दिसतो तितका एकेरी नाही. किती आहे, केंद्रकात आहे की बाहेर, त्यावर फॉस्फेटसारखे रासायनिक गट बसले आहेत का, घडी नीट आहे की मोडलेली, आणि या क्षणी ते डीएनएवर कोणत्या जनुकापाशी बसले आहे, असे पाच निरनिराळे प्रश्न त्यात गुंतलेले असतात. एकाच कुपीकडून या पाचही प्रश्नांची उत्तरे मागितली जातात, तिथून घोटाळ्यांना सुरुवात होते.

एकाच पेशीची संतती

प्रतिपिंड हे इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचे, सुमारे १५० किलोडाल्टन वजनाचे प्रथिन असते. त्यात दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या साखळ्या असतात आणि वायच्या दोन्ही फाट्यांच्या टोकांना प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंडाचे लक्ष्य, धरणारी जागा असते. प्राण्याच्या शरीरात परके प्रथिन टोचले, की त्याच्या प्रतिकारयंत्रणेतल्या बी पेशी प्रतिपिंडे बनवू लागतात. पण प्रत्येक बी पेशी स्वतःचे एकच प्रकारचे प्रतिपिंड बनवते. एक पेशी परक्या प्रथिनाचे टोक धरणारे प्रतिपिंड बनवते, दुसरी मधला भाग धरणारे, तिसरी भलतीच एखादी सुरकुती धरणारे. प्राण्याच्या रक्तातून मिळणारे प्रतिपिंड म्हणजे या सर्वांचे मिश्रण असते. त्याला पॉलिक्लोनल म्हणतात. ते पुष्कळदा चांगले काम करते. मात्र तो प्राणी मेला की ते मिश्रणही संपते, आणि दुसऱ्या प्राण्याकडून हुबेहूब तेच मिश्रण मिळत नाही.

एकाच बी पेशीचे प्रतिपिंड हवे असेल तर ती पेशी वेगळी काढून वाढवायला हवी, पण साधी बी पेशी काचपात्रात काही दिवसांतच मरते. १९७५ मध्ये केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी यावर तोडगा काढला. प्रतिपिंड बनवणारी, पण अल्पायुषी अशी बी पेशी त्यांनी मायलोमा या कर्करोगाच्या अमर पेशीत मिसळून टाकली. या संकरित पेशीला हायब्रिडोमा म्हणतात. तिला एका जन्मदात्याकडून प्रतिपिंडाची कृती मिळते आणि दुसऱ्याकडून अखंड वाढत राहण्याची क्षमता. या कामासाठी दोघांना नील्स येर्ने यांच्यासह १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पद्धतीतली निवडीची पायरी मला फार देखणी वाटते. पेशींचे मिश्रण केल्यावर पात्रात संकरित पेशींबरोबर न जुळलेल्या बी पेशी आणि न जुळलेल्या मायलोमा पेशीही असतात. त्या वेचून बाहेर काढत बसण्याऐवजी सर्वांना एका विशिष्ट पोषकद्रवात ठेवतात. त्यातले अमिनोप्टेरिन हे रसायन डीएनएचे घटक नव्याने बनवण्याचा मुख्य मार्ग बंद करते. दुसरा, जुने घटक पुन्हा वापरण्याचा मार्ग उघडा असतो आणि त्यासाठी लागणारा कच्चा मालही त्या द्रवात घातलेला असतो. पण मायलोमा पेशी मुद्दाम अशा निवडलेल्या असतात, की त्यांच्याकडे या दुसऱ्या मार्गाचे विकर नसते. म्हणून त्या मरतात. बी पेशींकडे विकर असते, पण आयुष्य नसते, म्हणून त्याही मरतात. बी पेशीचे विकर आणि मायलोमाचे आयुष्य, दोन्ही मिळालेली संकरित पेशीच तेवढी तगते. मग तगलेल्या पेशी ९६ खळग्यांच्या तबकात इतक्या विरळ करून पेरतात, की एका खळग्यात सरासरी एकच किंवा त्याहूनही कमी पेशी पडावी. प्रत्येक खळग्यातला द्रव तपासून हवे ते प्रतिपिंड कुठे आहे ते पाहतात आणि त्या एका पेशीची वंशावळ वाढवतात. या वंशावळीलाच क्लोन म्हणतात. कुपीवरचे ‘डीओ-१’ हे अशाच एका घराण्याचे नाव आहे.

२० ते २५

डीओ-१ हा क्लोन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. जिवाणूंकडून बनवून घेतलेले माणसाचे पी-५३ उंदरांना टोचून तो मिळवला होता. त्याचा एपिटोप, म्हणजे प्रतिपिंड ज्याला प्रत्यक्ष धरते तो तुकडा, प्रथिनाच्या आरंभीच्या टोकाजवळ आहे: सेरीन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, ल्युसिन, ट्रिप्टोफॅन, लायसिन, ल्युसिन. बस, एवढेच. हा भाग घट्ट घडीत गुंडाळलेला नसतो. तो दोरीच्या सुट्या टोकासारखा लोंबत असतो. त्यामुळे प्रथिन साबणासारख्या रसायनाने पूर्ण उलगडले तरी डीओ-१ ते ओळखते आणि पेशीतल्या नैसर्गिक रूपातही ओळखते. एकच क्लोन इतक्या वेगवेगळ्या पद्धतींत चालतो, त्याचे मोठे कारण ही मोकळी जागा आहे.

आता पत्रकावरची ‘उंदराचे ओळखत नाही’ ही ओळ पाहू. उंदराच्या पी-५३ मध्येही हा भाग जवळजवळ तसाच आहे. फरक एका अमिनो आम्लाचा: माणसात जिथे अ‍ॅस्पार्टिक आम्ल आहे, तिथे उंदरात ग्लायसिन आहे. सहांपैकी पाच अक्षरे जुळूनही डीओ-१ उंदराचे प्रथिन धरत नाही. यात नवल नाही. हे प्रतिपिंड उंदराच्याच शरीरात बनलेले आहे आणि स्वतःच्या प्रथिनांवर हल्ला करणाऱ्या बी पेशी प्रतिकारयंत्रणा सहसा पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे उंदराकडून मिळणारी प्रतिपिंडे माणसाचे प्रथिन त्याच्या प्रथिनाहून वेगळे आहे अशाच जागा धरण्याचा संभव जास्त. उंदरावर प्रयोग करणाऱ्या संशोधकाने डीओ-१ वापरले आणि काहीच दिसले नाही, तर त्यावरून त्या उंदरात पी-५३ नाही असे ठरत नाही.

याच जागेवर आणखी एक गिऱ्हाईक आहे. पी-५३ चा नाश घडवणारे एमडीएम-२ नेमके याच टोकाला धरते. १९९६ मध्ये या जोडीची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा दिसले की पी-५३ ची १९, २३ आणि २६ क्रमांकाची अमिनो आम्ले एमडीएम-२ च्या खाचेत खोल रुतून बसतात. यांतले २३ वे, म्हणजे ट्रिप्टोफॅन, डीओ-१ च्या एपिटोपच्या मधोमध आहे. एकाच खुर्चीवर दोघांना बसता येत नाही. साहजिकच न उलगडलेल्या प्रथिनांच्या मिश्रणातून डीओ-१ ने पी-५३ ओढून काढले, तर एमडीएम-२ ने आधीच धरलेले रेणू मागे राहू शकतात. ‘पी-५३ आणि एमडीएम-२ एकत्र असतात का’ हे तपासायला हा क्लोन निवडणे म्हणूनच गैरसोयीचे आहे. साखळीच्या शेवटच्या टोकाला, ३७० क्रमांकाच्या पुढे धरणारा पीएबी-४२१ सारखा क्लोन तिथे अधिक उपयोगी पडतो.

तिसरी अडचण सूक्ष्म आहे. डीएनएला इजा झाल्यावर पी-५३ च्या या टोकावरच्या काही सेरीनवर फॉस्फेट बसतात. विसाव्या जागेवरच्या सेरीनवर फॉस्फेट बसले, की तो रेणू डीओ-१ ला नीट धरता येत नाही. म्हणजे जागे झालेल्या रेणूंपैकी काही या प्रतिपिंडाच्या नजरेतून सुटतात. व्यवहारात हे सहसा जाणवत नाही, कारण इजेनंतर एकूण प्रथिन इतके वाढते की तपासणीत दिसणारा त्याचा पट्टा गडदच होतो; पण दोन नमुन्यांतला अंतर बारीक असेल आणि त्यावर मोठा निष्कर्ष उभा करायचा असेल, तर दुसऱ्या जागी धरणारा क्लोन सोबत वापरणे शहाणपणाचे. पी-५३ ची काही आखूड रूपेही पेशीत बनतात. त्यांतले एक मूळ साखळीच्या ४० व्या, तर दुसरे १३३ व्या अमिनो आम्लापासून सुरू होते. दोघांतही २० ते २५ हा तुकडाच नाही. डीओ-१ साठी ती रूपे अस्तित्वातच नसतात.

उलट बाजूने पाहिले, तर एपिटोपची हीच मर्यादा हत्यारासारखी वापरता येते. पीएबी-१६२० हा क्लोन पी-५३ ची घडी नीट बसलेली असेल तरच त्याला धरतो. पीएबी-२४० ज्या तुकड्याला धरतो, तो नीट घडी झालेल्या प्रथिनाच्या आत दडलेला असतो आणि उत्परिवर्तनामुळे घडी विस्कटली की उघडा पडतो. हे दोन क्लोन शेजारी शेजारी वापरले, तर प्रथिन किती आहे याच्या पलीकडे जाऊन ते कोणत्या स्थितीत आहे हेही कळते. मात्र पीएबी-२४० वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिने उलगडून वजनाप्रमाणे वेगळी करून पाहण्याच्या पद्धतीत वापरला, तर तो सगळ्याच पी-५३ ला धरतो, कारण तिथे प्रत्येक प्रथिनाची घडी आपणच मोडलेली असते. उत्परिवर्तित पी-५३ ओळखणारे प्रतिपिंड, एवढेच कुठेतरी वाचून ते ब्लॉटवर लावणाऱ्याला निरोगी पेशींतही ‘उत्परिवर्तन’ दिसू लागते.

एक ब्लॉट, जवळून

वेस्टर्न ब्लॉट ही यातली सर्वांत रुळलेली पद्धत. समजा जेलमध्ये चार लेन, म्हणजे चार नमुन्यांच्या शेजारी शेजारी वाटा, भरल्या आहेत. पहिलीत एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींचा अर्क आहे; त्यांचे पी-५३ शाबूत असते. दुसरीत त्याच पेशी, पण डीएनएला इजा करणारे डॉक्सोरुबिसिन हे औषध काही तास दिलेल्या. तिसरीत एच-१२९९ या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी, ज्यांत जनुकाचा भागच गळून गेल्यामुळे पी-५३ बनतच नाही. चौथीत हेला पेशी, ज्यांत जनुक चांगले असते, पण त्यांच्यातल्या पॅपिलोमा विषाणूचे ई-६ प्रथिन पी-५३ चा फडशा पाडत असते.

अर्क उकळून, उलगडून जेलमध्ये चालवला की प्रथिने आकारमानाप्रमाणे वेगळी होतात. तिथून ती विजेच्या साहाय्याने नायट्रोसेल्युलोजच्या किंवा पीव्हीडीएफच्या मेम्ब्रेनवर उतरवतात. मेम्ब्रेन प्रथिनांना चिकटवून घेते, आणि प्रतिपिंड हेही प्रथिनच असल्यामुळे ते कुठेही चिकटू नये म्हणून मोकळ्या जागा आधी दुधाच्या भुकटीच्या पाच टक्के द्रावणाने भरून टाकतात. नंतर डीओ-१, बहुधा हजार पटीच्या आसपास विरळ करून, थंड खोलीत रात्रभर. सकाळी धुलाई. मग उंदराच्या प्रतिपिंडाला धरणारे दुसरे प्रतिपिंड, ज्याला सगळे नुसते ‘सेकंडरी’ म्हणतात. त्याला एक विकर जोडलेले असते. शेवटी योग्य रसायन ओतले, की विकर जिथे असेल तिथे मंद प्रकाश निघतो आणि कॅमेरा तो टिपतो.

सगळे जमले असेल तर पहिल्या लेनमध्ये ५३ च्या खुणेशी फिकट पट्टा दिसतो, दुसरीत चांगला गडद, तिसरीत काहीच नाही आणि चौथीत जवळपास नाही. यात दुसरी लेन पाहून खूश व्हायची घाई करू नये. ब्लॉटची खरी परीक्षा तिसऱ्या लेनमध्ये असते. एच-१२९९ मध्ये ५३ पाशी पट्टा दिसला, तर हे प्रतिपिंड त्या जागी भलतेच काहीतरी धरत आहे, आणि मग पहिल्या दोन लेनवरही विश्वास ठेवता येत नाही. तिसरी लेन रिकामी असेल, पण कोणत्याच लेनमध्ये पट्टा नसेल, तर प्रतिपिंडच खराब झाले असण्याची शक्यता उरते. ती शंका दुसरी लेन दूर करते. म्हणून या दोन लेन एकमेकींशिवाय अपुऱ्या. प्रत्येक लेनमध्ये सारखाच माल भरला होता हे दाखवण्यासाठी अ‍ॅक्टिनसारखे सर्व पेशींत मुबलक असणारे प्रथिनही त्याच मेम्ब्रेनवर तपासतात.

इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये एक सापळा आहे, जो पी-५३ वर काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी अडकवतो. त्यात डीओ-१ सूक्ष्म मण्यांना बांधून अर्कात सोडतात, ते पी-५३ धरते, मणी गोळा करून उकळतात आणि त्यातून सुटलेले प्रथिन पुन्हा वेस्टर्न ब्लॉटवर पाहतात. पण उकळताना मण्यांवरचे प्रतिपिंडही सुटते आणि त्याची जड साखळी भरते सुमारे ५० किलोडाल्टन. ब्लॉटवर पुन्हा उंदराचेच प्रतिपिंड वापरले, तर सेकंडरी त्या जड साखळीलाही धरते आणि ५३ च्या अगदी खाली एक जाडजूड पट्टा उमटतो, ज्यात खरा पट्टा बुडून जातो. उपाय साधा आहे: ब्लॉटसाठी सशाचे प्रतिपिंड घ्यावे, किंवा फक्त हलकी साखळी ओळखणारे सेकंडरी वापरावे. तो उपाय सुचेपर्यंत मात्र अनेक जण त्या जाड पट्ट्यालाच पी-५३ समजून आनंदात असतात.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे असेल तर प्रथिन जागेवरच राहू द्यावे लागते. पेशी फॉर्मल्डिहाइडने स्थिर करतात, पटलांना भोके पाडतात, मग प्रतिपिंड आणि चमकणारे सेकंडरी. पी-५३ केंद्रकात चमकायला हवे. ऊतींचे काप तपासताना फॉर्मल्डिहाइडने विणलेली जाळी एपिटोप झाकून टाकते, म्हणून काप गरम द्रावणात ठेवून ती सैल करावी लागते. इथे एक उलटसुलट वाटणारी गोष्ट दिसते: निरोगी ऊतीत पी-५३ जेमतेम दिसते, आणि ज्या गाठीत त्याचे जनुक बिघडले आहे, तिथे पुष्कळदा केंद्रके गडद रंगतात. उत्परिवर्तित प्रथिन निकामी असले तरी लवकर नष्ट होत नाही, ते साठते. गडद रंग म्हणजे भरपूर संरक्षण असा अर्थ काढला तर तो नेमका उलटा ठरतो. आणि जनुकाचा वाचनक्रमच मध्येच तुटला असेल, तर त्याच आजारात रंग अजिबात येत नाही.

ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरच्या बाबतीत सर्वांत नेमका प्रश्न चिप ही पद्धत विचारते: हे प्रथिन डीएनएवर कुठे बसले आहे? जिवंत पेशींत साधारण एक टक्का फॉर्मल्डिहाइड दहाएक मिनिटे घालून प्रथिने डीएनएला जागच्या जागी बांधून टाकतात, डीएनएचे काहीशे अक्षरांचे तुकडे करतात, प्रतिपिंडाने पी-५३ ओढतात आणि त्याच्याबरोबर डीएनएचे कोणते तुकडे आले ते मोजतात. पी-२१ च्या जनुकाच्या आरंभापासून सुमारे २,३०० अक्षरे अलीकडे पी-५३ ची ओळखीची जागा आहे. तो तुकडा भरपूर आला आणि दूरच्या, असंबंधित जनुकाचा तुकडा आला नाही, तरच पुढचे वाचण्यात अर्थ आहे. चिपमध्ये वजनाप्रमाणे वेगळे करण्याची पायरीच नसते. वेस्टर्नमध्ये चुकीचे प्रथिन निदान चुकीच्या उंचीवर दिसून चहाडी करते. इथे प्रतिपिंडाने चुकून जे धरले, तेही बरोबरच्या उत्तरात निमूट मिसळून जाते. म्हणून वेस्टर्नमध्ये चालणारे प्रतिपिंड चिपमध्ये चालेलच असे गृहीत धरता येत नाही.

विश्वास किती ठेवावा

पी-५३ च्या प्रतिपिंडांमागे चार दशकांची तपासणी आहे. सगळ्या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरचे नशीब असे नाही. इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटा हाही एक ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. तो १९९६ मध्ये कळला आणि स्तनाच्या कर्करोगात त्याची भूमिका काय यावर पुढे भरपूर लिहिले गेले. २०१७ मध्ये संशोधकांनी त्याच्यासाठी वापरली जाणारी १३ प्रतिपिंडे काटेकोरपणे तपासली, तेव्हा फक्त एक, पीपीझेड-०५०६ हा मोनोक्लोनल क्लोन, कसोटीला उतरला. त्या क्लोनने पाहिले, तर स्तनाच्या निरोगी किंवा कर्करोगी ऊतीत हे प्रथिन त्यांना दिसलेच नाही. ज्यांनी आधीचे निष्कर्ष काढले, ते निष्काळजी होते असे मी म्हणणार नाही. पट्टा दिसत होता, रंग येत होता. प्रथिन नसलेल्या पेशींची, कोरी राहायला हवी अशी तिसरी लेन मात्र बऱ्याच ठिकाणी नव्हती.

२०१६ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने प्रतिपिंड तपासण्याचे पाच मार्ग मांडले. लक्ष्य प्रथिनाचे जनुक काढून टाकलेल्या पेशींत संकेत नाहीसा होतो का, हा त्यांतला सर्वांत खणखणीत. आता जनुक कापण्याची तंत्रे सोपी झाल्यामुळे तो बहुतेकांच्या आवाक्यातही आला आहे. दुसऱ्या जागी धरणारे स्वतंत्र प्रतिपिंड तेच चित्र दाखवते का, प्रतिपिंड न वापरणाऱ्या पद्धतीशी आकडे जुळतात का, खूण जोडलेल्या प्रथिनाशी संकेत जुळतो का आणि ओढून काढलेल्या मालात प्रत्यक्ष कोणते प्रथिन निघते, हे उरलेले चार.

‘मोनोक्लोनल’ या शब्दावर मात्र भाबडा विश्वास नको. मोनोक्लोनल म्हणजे एकाच घराण्याचे. एकाच प्रथिनाला धरणारे असा त्याचा अर्थ होत नाही. सहा अमिनो आम्लांचा साधारण सारखा तुकडा दुसऱ्या एखाद्या प्रथिनातही असू शकतो. शिवाय हायब्रिडोमा या जिवंत पेशी आहेत. २०१८ मध्ये १८५ हायब्रिडोमांच्या तपासणीत जवळपास एक-तृतीयांश घराण्यांत अपेक्षित साखळ्यांखेरीज जादा साखळ्याही बनत असल्याचे आढळले. म्हणूनच अलीकडे प्रतिपिंडाचा अमिनो आम्लक्रम वाचून घेऊन, तो दुसऱ्या पेशींत घालून बनवलेली रिकॉम्बिनंट प्रतिपिंडे अधिक पसंत केली जातात. क्रम कागदावर असला की घराणे मेले तरी प्रतिपिंड मरत नाही.

कुपीची निगा हा किरकोळ विषय, पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. प्रतिपिंड वारंवार गोठवणे आणि वितळवणे टाळावे. छोटे वाटे करून ठेवावेत, किंवा निम्मे ग्लिसरॉल असेल तर उणे २० अंशांवर ते द्रवच राहते. जंतू वाढू नयेत म्हणून बऱ्याच कुप्यांत सोडियम अझाइड असते. हे रसायन जिवंत पेशींना विषारी असते आणि सेकंडरीवरच्या पेरॉक्सिडेज विकरालाही बंद पाडते. सेकंडरी ठेवायच्या द्रावणात कुणी काळजीपोटी अझाइड घातले, तर ब्लॉट कोरा येतो आणि दोष बिचाऱ्या डीओ-१ वर जातो.

शोधनिबंधाच्या पद्धती विभागात ‘पी-५३ विरोधी प्रतिपिंड वापरले’ असे एक वाक्य अजूनही सर्रास दिसते. त्याऐवजी ‘उंदरातील मोनोक्लोनल, क्लोन डीओ-१, अमुक लॉट, अमुक प्रमाणात विरळ करून रात्रभर चार अंशांवर, नकारात्मक कंट्रोल एच-१२९९’ असे लिहायला जेमतेम अर्धी ओळ जास्त लागते. आणि ज्याला तोच प्रयोग उंदराच्या पेशींवर करायचा आहे, तो ‘डीओ-१’ हा शब्द वाचताच थांबतो आणि दुसरा क्लोन शोधायला लागतो.